मचाणावर ऐकलेली नावं

बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या आमच्या घरात बोलणं कमी आणि हाका जास्त होत्या. मायनं अंगणात उभं राहून हाक मारली की ओढ्यापलीकडच्या वावरात बाबांचं औत थांबायचं. पहाटे जात्याची घरघर, मग बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज, मग चुलीपुढे भाकरी थापल्याची थापथूप, आणि या सगळ्यावर मायची हाक, "शालिक! अरे शालिक कुठी गेला?" माझ्या लहानपणाचा सूर कोणी विचारला तर मी हाच सांगेन. शालिकदादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भाकर ताटात पडली की नेमका हा नाहीसा व्हायचा. कधी चिंचेवर, कधी कडब्याच्या गंजीत, कधी शेजाऱ्याच्या धाब्यावर उताणा पडून ढग बघत. माय लाकूड घेऊन निघायची, सापडला की एक ठेवून द्यायची आणि त्याच हातानं ठेचा-भाकर वाढायची.

असा हा दादा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना फौजेत गेला. बाबांना ते आवडलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्याची छाती रुंद झाली होती आणि तो हिंदीत शिंकतो असं माय म्हणायची. दुसऱ्या सुट्टीत त्याचं लग्न झालं. वहिनी घाटाखालची, मलकापूरकडची. तिचं नाव कौतिका. आम्ही घाटावरचे लोक स्वतःला जरा शहाणे समजतो आणि घाटाखालच्या बोलण्याला हसतो. वहिनीनं आठ दिवसांत आम्हालाच हसायला लावलं. ती मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि गोफण अशी मारायची की बाबा एकदा तोंडात तंबाखू तशीच धरून बघत राहिले. मी तेव्हा सोळा वर्षांची, ती एकोणीस. नणंद-भावजय असं आमचं नातं कागदावरच होतं. तिसऱ्या सुट्टीत दादानं एक ट्रान्झिस्टर आणला. चामड्याचं कव्हर, त्याला बारीक भोकं, आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. माय त्याला रोज फडक्यानं पुसायची, पण बटणाला हात लावत नसे.

त्या हिवाळ्यात लढाई लागली आणि पंधरवड्याच्या आत संपलीही. गावात पेढे वाटले गेले, शाळेच्या पोरांनी फेरी काढली. आम्ही दादाच्या पत्राची वाट बघत होतो. पत्राऐवजी तार आली. बाजाराचा दिवस होता, ओट्यावर वांग्यांची पाटी तशीच पडलेली. तार इंग्रजीत म्हणून शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेपत्ता आहे असं लिहिलंय."

बाबा खाटेवर बसले. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मायनं विचारलं, "बेपत्ता म्हंजे काय हो गुरुजी? मेला का माहा पोरगा?"

"नाही, नाही. तसं नाही लिहिलेलं. म्हणजे... सापडत नाही."

"सापडत नाही?" मायनं पदर खोचला. "मंग तसं सांगा ना! शालिक कव्हा सापडला हो? त्याले जेवायच्या टायमाले सापडायची आदतच नाही."

गुरुजींना हसावं की नाही ते कळेना. पण वहिनीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, अर्धा हुंदका आणि अर्धं हसू, आणि मला वाटतं त्या क्षणी आमच्या घरानं ठरवून टाकलं की आपण कोणत्या बाजूचे.

संध्याकाळपर्यंत बायका यायला लागल्या. तोंडाला पदर लावून, आत शिरता शिरताच गळा काढायच्या तयारीत. एक लांबची आजेसासू वहिनीशेजारी सरकली आणि तिच्या बांगड्यांकडे बघून सुस्कारे टाकू लागली. माय चुलीपुढून उठली. "हे पाहा," म्हणाली, "दुखवट्याले आल्या असान तर आल्या पावली वापस जा. चहाले आल्या असान तर बसा, अद्रक टाकून राह्यली." मग त्या आजेसासूनंच पदर खाली घेतला आणि म्हणाली, "अद्रक जरा जास्तच टाक व माय, माहा गळा बसला हाये." त्या दिवशी आमच्या घरात दोन पातेली चहा झाला. माय रडली नाही असं नाही. गोठ्यात शेण काढताना तिचे खांदे हलताना मी पाहिलेत. पण ओसरीवर तिनं ते येऊ दिलं नाही, आणि आज या वयात मला कळतं की ओसरी आणि गोठा यांच्यामधलं ते अंतर राखायला केवढी ताकद लागते.

त्याच आठवड्यात आमच्याकडे पुंजाजीकाका आले. नदीपलीकडच्या वाडीतले, लांब मिशांचे, बोलायला भिणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा रायभान दादाच्याच पलटणीत होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, रायभानचं लग्न व्हायचं होतं. त्यांच्याकडेही तशीच तार आली होती. ते ओसरीवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. मायनं त्यांच्यापुढे पातोडीची भाजी आणि भाकर ठेवली. ते म्हणाले, "जेवन जात नाही वहिनीबाई." माय म्हणाली, "जाईन. तो आल्यावर तुम्हीच वाळेल दिसले तर तो मले विचारीन, काऊन लक्ष नाही देल्लं म्हून." ते जेवले. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ते येत, जेवत, आणि जाताना फक्त एवढंच विचारत, "काही कळलं?"

काय कळायचं, आणि कुठून? बाबा बुलढाण्याला जाऊन आले. कचेरीतल्या माणसानं त्यांना पाणी दिलं, चांगलं बोलला, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. परतीच्या एसटीत मात्र कोणी तरी सांगितलं की सरहद्दीपलीकडच्या रेडिओवर संध्याकाळी आपल्या कैद झालेल्या जवानांची नावं वाचतात, त्यांचे निरोपही सांगतात. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि मायनं आयुष्यात पहिल्यांदा ट्रान्झिस्टरचं बटण फिरवलं. नुसती खरखर. आमचं घर खोलगट जागी, शिवाय भिंती जाड. अंगणात खरखर, धाब्यावर जरा कमी खरखर, चिंचेखाली कोणतं तरी गाणं. शेवटी वहिनी म्हणाली, "मचाणावर जाऊन पाहू."

ज्वारी तेव्हा निसवली होती, कणसं बाहेर पडली होती आणि पाखरं राखायला उंचवट्यावरच्या वावरात मचाण घातलेलं होतं. चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर कडबा. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही दोघी तिथे चढलो, वहिनीनं ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवला, आणि एकदम, शेजारी बसून कोणी बोलावं इतका स्पष्ट, एक आवाज आला. उर्दू वळणाचं हिंदी. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. मग निरोप. मैं ख़ैरियत से हूँ. माँ से कहना फ़िक्र न करे.

पहिल्या दिवशी आम्ही श्वास रोखून ऐकलं. रोहतककडचा कोणी, मद्रासकडचा कोणी, डोंगरातल्या कोणत्या तरी गावचा एक. आमचं नाव आलं नाही. रेडिओ बंद केल्यावर मी रडवेली झाले तर वहिनी म्हणाली, "काऊन रडतं? त्या रोहतकवाल्या मायच्या घरी आज काय हाल असतीन, पाय बरं! नाचून राह्यली असंन म्हातारी." मग तिनं ओच्यातून गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "घे. तिच्या पोरासाठी." तेव्हापासून तसा नेमच पडला. प्रत्येक नावाला गुळाचा एक कण. नाव कळलं नाही, खरखरीत अर्धं बुडालं, तरी कण खायचाच, कारण ज्याचं ते नाव होतं त्याच्या घरी ते कोणी ऐकलं असेल की नाही कुणाला माहीत. वहिनीला ती नावं पाठ होत गेली. घरी भाकरी करता करता ती मायला सांगायची, "आज एक गुरुदासपूरचा होता, आत्याबाई. त्याच्या बहिनीचं लगन थांबवू नका म्हने." आणि माय तव्यावर भाकर उलटताना म्हणायची, "नाही थांबवनार रे बाबा, करतीन." जसं काही तो आमच्याच पाहुण्यांपैकी होता. दादा सोडला तर आमच्या घरातलं कोणीही धाडच्या फार पलीकडे गेलेलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्हाला अख्ख्या देशात सोयरे झाले.

आगटीत कणसं भाजायची, हुरडा मळायचा, पाखरांवर गोफण मारायची आणि सूर्य टेकला की रेडिओ लावायचा. एका संध्याकाळी मी तळहातावर हुरडा फुंकत होते. आवाज म्हणाला, "सिपाही शालिकराम, वल्द..." आणि बाबांचं नाव असं काही मोडून घेतलं की ओळखू येईना. पुढे, "गाँव धार, ज़िला बुलंदाना."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "धार? धार तर तिकडं मध्य प्रदेशात हाये."

"बुलंदाना म्हन्ला वहिनी!"

"चूप. निरोप ऐक."

निरोप होता, "मैं ठीक हूँ. माँ-बाप को प्रणाम. ढवळ्या को मेरा राम राम."

ढवळ्या म्हणजे आमच्या जोडीतला डावा बैल. दादानं त्याला वासरू असल्यापासून वाढवला होता. जगात दुसऱ्या कोणाला कैदेतून बैलाला राम राम घालायची बुद्धी झाली असती असं मला वाटत नाही. वहिनी उभी राहिली. शिडीनं उतरायचं तिला सुचलंच नाही. तिनं मचाणावरून सरळ ज्वारीत उडी टाकली, पाय मुरगळला, आणि ती तिथेच धाटांमध्ये पडून हसत सुटली. "बैलाले राम राम!" हसता हसता ती म्हणत होती. "सुमे, बैलाले राम राम सांगतला, अन मले काहीच नाही! येऊ दे त्याले!" मी खाली उतरले, तिला उठवायला गेले तर ती उठेना, मलाच खाली ओढून घेतलं आणि आम्ही दोघी तिथे पडून हसलो, रडलो, पुन्हा हसलो. वरती मचाणावर रेडिओ पुढची नावं वाचत होता. एवढ्यातही वहिनी मध्येच थांबली आणि म्हणाली, "ऐक ऐक, जौनपूरचा हाये."

मी तिला खांद्याचा आधार देत घरी आणलं. लंगडणारी सून आणि केसांत ज्वारीचा भुसा घेतलेली लेक बघून माय घाबरली. मी निरोप सांगितला. माय गोठ्यात गेली, ढवळ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "शालिकनं राम राम सांगतला बरं का तुले." मग तिचा आवाज फुटला. यावेळी तिनं तो लपवला नाही, अख्ख्या आळीनं ऐकला.

शंका घेणारे होतेच. चावडीवर कोणी म्हणालं, धार म्हणजे धार, धाड कसं होईल. बाबा एरवी कोणाशी वाद घालत नसत. त्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, "धारमध्ये शालिकराम असंन, त्याच्या बापाचं नाव बी माह्यासारखं असंन. पन त्याच्या बैलाचं नाव ढवळ्या असंन का? चला, लावा शर्त." कोणी लावली नाही. काही आठवड्यांनी सरकारी कागदही आला की तो कैदेत आहे आणि जिवंत आहे. पण आमच्याकडे तोवर ती बातमी जुनी झाली होती. पुरणाचे मांडे होऊन गेले होते.

त्यानंतरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाय बरा झाला तशी वहिनी पुन्हा रोज संध्याकाळी रेडिओ घेऊन निघायला लागली. ज्वारी काढून झाली होती, मचाण उभं होतं तेवढंच. मायनं विचारलं, "आता काऊन जातं व? आपलं नाव तं आलं."

"रायभानभाऊजी राह्यले ना अजून," वहिनी म्हणाली.

मायनं स्वतःच तिच्या ओच्यात गूळ बांधून दिला. ती नावं येणं बंद होईपर्यंत आम्ही जात राहिलो. उन्हं तापली, फळ्या बसू देईनात, तरी गेलो. रायभानचं नाव आलं नाही. बाजाराच्या दिवशी पुंजाजीकाका विचारत, आणि वहिनी सांगे, "आज नाही आलं काका." ते मान हलवत आणि म्हणत, "दुसऱ्या कोनाचं आलं का?" ती ज्यांची आली त्यांची नावं एकेक करून सांगे. ते सगळी ऐकून घेत.

दादा परत आला तो पुढच्या हिवाळ्यात. आम्ही सगळे एसटीनं घाट उतरून मलकापूरला गेलो. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत कापसाची म्हातारी उडत होती, आणि फलाटावर ढोल-ताशा, कारण गावागावांतून लोक आले होते. गाडी थांबली. एक काटकुळा माणूस उतरला. चेहऱ्यापेक्षा कान मोठे दिसत होते. तो मायच्या पायाशी वाकला तर मायनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "इतके दिस कुठी होता बे?" आणि मग त्याला असं कवटाळलं की ताशेवाले वाजवायचे थांबले. बाबा नुसते त्याच्या पेटीचं कडं धरून उभे राहिले. वहिनी आमच्या मागे, तोंड दुसरीकडे करून. मधल्या काळात कैद्यांना चार ओळी पाठवता येत होत्या आणि मी त्या उडीची हकीकत लिहून टाकली होती. दादा तिच्यासमोर आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "पाय बरा हाये का?"

"बैलाले विचारा," वहिनी म्हणाली, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की फलाटावरचे परके लोकही हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी गावानं त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं होतं. दादा म्हणाला, मिरवणूक मागून काढा, आधी वाडीले जायचं हाये. त्याच्याबरोबर आम्ही सगळेच निघालो, नदी पायी उतरून. पुंजाजीकाका दारातच उभे होते. दादा त्यांच्या पाया पडला आणि उभं राहून म्हणाला, "काका, खोटं नाही सांगनार. शेवटचा पाह्यला तव्हा तो कालव्याच्या पाळीवर होता, मले हात करून पुढं गेला. मंग धूर झाला, अन मी धरल्या गेलो. मेलेला म्या नाही पाह्यला. जिता पाह्यला, तेवढंच मले मालूम."

काकांनी त्याला हात धरून आत घेतलं. मग म्हणाले, "तिकडं कसा होता तो? ते सांग."

"कसा म्हंजे?"

"म्हंजे खात-पीत होता का? हासत होता का?"

दादा खाली बसला. त्यानं सांगायला सुरुवात केली. रायभाननं बर्फासारख्या थंडीत अख्ख्या तुकडीला वऱ्हाडी रोडगे खाऊ घालायचं कसं मनावर घेतलं, कुठून कुठून गोवऱ्या जमवल्या, कणकेचे गोळे त्या आरात पुरले, आणि पंजाबी सुभेदार 'ये क्या बना रहे हो' म्हणत फुंकर मारायला वाकला तर त्याची अर्धी मिशी कशी जळाली. "मंग रायभान त्याले सलाम ठोकून म्हने, साहेब, हमारे यहाँ पहिला मान पाहुन्याले राह्यते." काकांच्या घशातून काहीतरी आलं. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. लांब मिशा हलत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मांडीवर थापा मारत होते. "रोडगे? त्यानं? अरे, त्याले घरी चूल पेटवता येत नव्हती!" आणि उठून त्यांनी गोवऱ्या काढायला घेतल्या. "चला, आता रोडगेच होऊन जाऊ द्या."

रायभान आजतागायत सापडलेला नाही. पुंजाजीकाकांनी त्याच्या तसबिरीला कधी हार घातला नाही. आणि दर हिवाळ्यात त्यांच्या वावरात रोडगे होत राहिले. ते गेल्यावर पुतण्या करतो. दादा आता ऐंशीला टेकला, कानानं कमी ऐकतो. वहिनीचे गुडघे गेलेत, मी बुलढाण्याहून नातीच्या गाडीवर मागे बसून जाते. ज्यांनी रायभानला पाहिलं नाही अशी पोरं आता सुभेदाराच्या मिशीची गोष्ट सांगतात आणि दादापेक्षा रंगवून सांगतात.

पण तो पहिला दिवस पहिलाच. वांग्याची भाजी, तुपात बुडवलेले रोडगे, हाताला बसणारे चटके. दादाच्या गोष्टी संपल्या तशा काकांनी आपल्या काढल्या. वर्षभर ज्यांच्या तोंडून आम्ही दोन वाक्यं सलग ऐकली नव्हती, ते रायभानच्या पाळण्यापासून सांगत सुटले. ऊन कललं. बाबा म्हणाले, निघायला पाहिजे, नदी उतरायची आहे, गावात लोक ताशे घेऊन ताटकळले असतील. आम्ही उठलो, पाया पडलो, वहाणा घातल्या, फाटकापर्यंत आलो. तेवढ्यात मागून काका जवळजवळ धावत आले.

"अरे, थांबा ना! तो जत्रेत हरवला होता अन बांगडीवाल्याच्या दुकानात झोपेल सापडला, ते तं म्या सांगतलंच नाही!"

बाबांनी मायकडे बघितलं. माय केव्हाच मागे वळली होती. तिनं वहाणा काढल्या, आरापाशी जाऊन फतकल मारून बसली आणि म्हणाली, "सांगा. आम्हाले कुठी जायचं हाये?"